आधी कोर्टाचं दार उघडा

हिशेब तपासणं हा माझा रोजचा धंदा. न्यू जर्सीत वीस वर्षं तेच करतो आहे, त्यामुळे टॅक्सचा एखादा कागद अडला की शेजारपाजारची माणसं आमच्याकडे येतात. आमच्या गल्लीतली एक बाई अशीच एकदा फुगलेली फाइल घेऊन आली. डायलिसिस सेंटरमध्ये मशीनवर काम करते, पहाटे साडेचारला घर सोडते. नर्सिंगची पदवी घ्यायला निघाली होती. अडीच वर्षांनी आईचं आजारपण आलं आणि कॉलेज सुटलं. कर्ज सुटलं नाही.

कागद जुळवून मी तिच्यापुढे हिशेब मांडला. उचललेली रक्कम ३०,००० डॉलर. व्याज ६.८ टक्के, म्हणजे वर्षाला २,०४० डॉलर. पगार बघून सरकारी योजनेने ठरवून दिलेला हप्ता महिन्याला ९० डॉलर, वर्षाला १,०८०. एकही हप्ता न चुकवता दर वर्षी ९६० डॉलर व्याज अंगावर उरतं. कोविडच्या काळात साडेतीन वर्षं व्याज आणि हप्ते दोन्ही थांबले होते, ती वगळून तिने दहा वर्षं पैसे भरले. भरले १०,८०० डॉलर. किरकोळ फरक सोडला तर आज तिच्या नावावर ३९,६०० डॉलर आहेत.

"यात माझं काय चुकलं ते सांग," ती म्हणाली. मी पुन्हा सगळ्या तारखा तपासल्या. हप्ता खरोखर एकही चुकला नव्हता.

आपल्याकडे जुन्या हिंदू कायद्यात दामदुप्पट नावाचा नियम होता. मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनी तो इंग्रजी अमलातही मानला. सावकाराला एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नसे. व्याज मुद्दलाला येऊन भिडलं की तिथेच थांबलं. अमेरिकेच्या सरकारी शैक्षणिक कर्जाला असा बांध नाही. मुदतही नाही. १९९१ पासून या कर्जाची वसुली कधीच मुदतबाह्य होत नाही. कर्ज थकलं तर कोर्टाची पायरी न चढताच सरकार पगारातून १५ टक्क्यांपर्यंत कापून घेऊ शकतं, टॅक्सचा परतावा अडवू शकतं. म्हातारपणीच्या सोशल सिक्युरिटीलाही हात घालायची तरतूद कायद्यात आहे.

असे सरकारी कर्जदार देशात सुमारे ४ कोटी ३० लाख आहेत आणि एकूण येणं १ लाख ६० हजार कोटी डॉलरच्या घरात आहे. यावरून इथे जो राजकीय वाद पेटला, त्याची सगळ्यांना आठवते ती तारीख २४ ऑगस्ट २०२२. वर्षाला सव्वा लाख डॉलरच्या आत कमावणाऱ्याचं १०,००० डॉलरपर्यंतचं कर्ज माफ करण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी त्या दिवशी केली. गरीब घरच्या मुलांना मिळणारी पेल ग्रँट ज्यांनी घेतली होती, त्यांना २०,००० पर्यंत. खर्चाचा अंदाज ४० हजार कोटी डॉलर. काही आठवड्यांत २ कोटी ६० लाख लोकांची नावं नोंदली गेली, १ कोटी ६० लाख अर्ज मंजूर झाले, आणि एकाच्याही खात्यातून एक डॉलर कमी होण्याआधी कोर्टाची स्थगिती आली. ३० जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी योजना रद्द केली.

मला या घोषणेचा पहिल्या दिवशी रागच आला होता. मी इथे शिकायला आलो तो भारतातल्या बँकेचं कर्ज काढून. वडिलांनी नाशिकचं घर तारण ठेवलं होतं. परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेचं सरकारी कर्ज मिळत नाही, त्यामुळे माझ्याबरोबरच्या सगळ्याच मराठी मुलांची हीच गोष्ट. चौघांनी एका खोलीत राहून, डबे वाटून खाऊन, आम्ही तीन-चार वर्षांत ती कर्जं फेडली. त्या वर्षीच्या गणपतीला मंडळाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीत हाच विषय होता, आणि "आम्ही फेडलं की, मग यांना काय धाड भरली?" हे वाक्य मी तीन टेबलांवर ऐकलं. एका टेबलावर ते माझ्याच तोंडचं होतं.

आज मी ते वाक्य उच्चारणार नाही. मी डॉलरमध्ये कमावून रुपयातलं कर्ज फेडत होतो. माझी पदवी पुरी झाली होती आणि सॉफ्टवेअरच्या तेजीत नोकरी समोर उभी होती. तरीही फेडणाऱ्याच्या मनातली ही सल खोटी नाही, तिला मत्सर म्हणून उडवून लावणं चूक आहे. महाराष्ट्रातल्या सरकारांना हे कळलं होतं. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत दोन लाखांपर्यंतची थकबाकी सरकारने उचलली, तेव्हा नियमित फेड करणाऱ्या शेतकऱ्यालाही ५० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम द्यायचं ठरलं. ती हातात पडायला उशीर झाला, पण जो वेळेवर फेडतो त्याच्याकडेही बघायला हवं हे तत्त्व मान्य झालं. बायडन यांच्या योजनेत, कोविडच्या आधीच पोटाला चिमटा घेऊन शेवटचा हप्ता भरलेल्या शिक्षिकेसाठी काहीच नव्हतं.

विरोधकांचा दुसरा मुद्दा याहून जड होता. या देशातल्या प्रौढांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोकांकडे चार वर्षांची पदवी नाही. ट्रक चालवणाऱ्याने, छपरं शाकारणाऱ्याने टॅक्स भरायचा आणि त्यातून सव्वा लाखाच्या जरा आत कमावणाऱ्या तरुण वकिलाचे दहा हजार फेडायचे, याचं समर्थन मला कधीच नीट करता आलेलं नाही. आणि एक गोष्ट चर्चेत फार थोड्यांनी उचलली: ३० जून २०२२ नंतर उचललेलं कर्ज योजनेत बसत नव्हतं. घोषणा झाली त्याच आठवड्यात इथली कॉलेजं उघडत होती. सतरा-अठरा वर्षांची मुलं नव्या कर्जाच्या कागदांवर सही करत होती, त्याच फीसाठी, त्याच अटींवर. सातबारा एकदा कोरा केला आणि पीककर्जाची, शेतमालाच्या भावाची, पाण्याची गणितं तशीच ठेवली, तर पुढच्या निवडणुकीपर्यंत तो पुन्हा भरतो. हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको.

कायद्याचा पायाही कच्चा होता. इराक युद्धाच्या काळात, २००३ मध्ये, मोहिमेवर गेलेल्या सैनिकांची कर्जं डोळ्यासमोर ठेवून केलेल्या एका कायद्यातल्या आणीबाणीच्या अधिकारावर ही ४० हजार कोटींची योजना उभी होती. असा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, काँग्रेसलाच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेलाच आहे, असं खुद्द डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभापती नॅन्सी पलोसी २०२१ मध्ये जाहीरपणे म्हणाल्या होत्या. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी निकालात त्यांचंच वाक्य उद्धृत केलं.

म्हणजे मी माफीच्या विरोधात आहे का? नाही. माझं म्हणणं असं की या वादातला मूळ प्रश्नच बाजूला पडला आहे. शेजारणीला माफी मागावी का लागते? अडचणीत आलेल्या इतर कोणत्याही कर्जदाराला जे दार उघडं असतं, ते तिच्यासाठी कोणी बंद केलं?

शब्दापासूनच बघा. शेतकरी संघटनेने 'कर्जमाफी' हा शब्द नाकारून 'कर्जमुक्ती' म्हणायला सुरुवात केली होती. गुन्हा केलेला नाही, तर माफी कसली, हा त्यामागचा सवाल. इथेही बड्या बँकांविरुद्धच्या ऑक्युपाय वॉल स्ट्रीट आंदोलनातून पुढे आलेल्या डेट कलेक्टिव्ह या संघटनेचा हाच आग्रह आहे: माफी म्हणू नका, कर्ज रद्द करा म्हणा. शब्द बदलला की बोट दाखवायची दिशा बदलते. मग विचारावं लागतं की हे कर्ज झालं कशामुळे.

त्यासाठी १९७६ सालाकडे जावं लागतं. न्यू यॉर्कमधलं सिटी युनिव्हर्सिटीचं शिक्षण १८४७ पासून जवळजवळ १३० वर्षं मोफत होतं. स्थलांतरितांची, कामगारांची, शिंप्यांची मुलं तिथे एक पैसा फी न भरता शिकली. शहराची तिजोरी रिकामी झाली आणि १९७६ मध्ये तिथे फी सुरू झाली. त्याच दशकाच्या मध्यात पेल ग्रँटमधून सरकारी कॉलेजचा वर्षाचा तीन चतुर्थांश खर्च भागत असे. आज एक तृतीयांशही भागत नाही. राज्यांनी हात आखडता घेतला, फी वाढत गेली, आणि मधली दरी कर्जाने भरायची हे सर्वांनी धरून चाललं.

आणि त्याच १९७६ मध्ये काँग्रेसने दुसरी एक गोष्ट केली. तोवर शैक्षणिक कर्ज हे इतर कर्जांसारखंच होतं. माणूस पुरता बुडाला तर दिवाळखोरीच्या कोर्टात जायचा. न्यायाधीश त्याची मालमत्ता, उत्पन्न, देणी तपासायचे, असेल ते धनकोंना वाटून द्यायचे आणि उरलेल्या देण्यातून त्याला मोकळं करायचे. मग ओरड सुरू झाली, की मुलं डॉक्टर-वकील होतात आणि पदवी हातात पडताच दिवाळखोरी जाहीर करून कर्ज बुडवतात. सरकारच्याच हिशेबतपासनीसांना असं सुटलेलं कर्ज एक टक्क्याहून कमी आढळलं होतं. तरी कायदा झाला: पहिली पाच वर्षं हे कर्ज दिवाळखोरीत सुटणार नाही. १९९० मध्ये पाचाची सात वर्षं झाली. १९९८ मध्ये वर्षांची अटच काढून टाकली, म्हणजे दार कायमचं लागलं. २००५ मध्ये खासगी बँकांच्या शैक्षणिक कर्जालाही तेच कुलूप बसलं. या २००५ च्या कायद्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत डेलावेअरचे तेव्हाचे सिनेटर जो बायडन होते.

दाराला एक फट ठेवली होती: 'अवाजवी हालअपेष्टा' सिद्ध करा. पण १९८७ च्या ब्रनर खटल्यापासून कोर्टांनी त्याचा अर्थ इतका कडक लावला की अर्जदाराला आजची गरिबी दाखवून भागत नव्हतं. ती पुढेही हटणार नाही हे पटवावं लागे. काही न्यायाधीशांनी तर निराशेची खात्रीच मागितली. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याने सरकारी वकिलांच्या समोर उभं राहून आपलं आयुष्य संपल्यात जमा आहे हे सिद्ध करायचं. बहुतेकांनी प्रयत्नच केला नाही.

याच देशात डेल्टा, युनायटेड, अमेरिकन या विमान कंपन्या दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या, देणी कमी करून घेतली आणि पुन्हा उडाल्या. २०१३ मध्ये डेट्रॉइट हे अख्खं शहर गेलं. आमच्याकडे अटलांटिक सिटीत डोनाल्ड ट्रम्प यांचे कॅसिनो एकापेक्षा जास्त वेळा गेले. यात बेकायदा काही नव्हतं. धंद्यात माणूस बुडू शकतो, त्याला सावरायची वाट हवी, ही समजूत या देशाच्या भरभराटीच्या मुळाशी आहे, आणि मला ती मनापासून पटते. मग एकोणिसाव्या वर्षी नर्स व्हायचं ठरवून सही केलेल्या मुलीलाच तेवढी ती वाट का नसावी?

कोर्टाचं दार बंद झालं की माणूस पुढाऱ्याच्या दारात जातो. तिथे हक्क नसतो, मर्जी असते. २००७ मध्ये जॉर्ज बुश यांच्या सहीने कायदा झाला, की शिक्षक, नर्स, सरकारी नोकर यांनी दहा वर्षं हप्ते भरले की उरलेलं कर्ज माफ. २०१७-१८ मध्ये पहिले अर्ज आले, तेव्हा शंभरातले नव्याण्णव नाकारले गेले: योजना चुकीची निवडली, कर्जाचा प्रकार चुकीचा, मोजणी चुकली. पुढच्या सरकारने नियम सैल केले आणि तेच दार दहा लाखांवर लोकांसाठी उघडलं. कायदा तोच, खुर्चीवरचा माणूस वेगळा. कोरिंथियन कॉलेजेस या नफ्यासाठी चालवलेल्या साखळीने खोट्या आकड्यांवर मुलांना भुलवलं आणि २०१५ मध्ये दिवाळं काढलं. कंपनीने काढलं हं, तिला ते काढता येत होतं. तिच्या ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचं ५८० कोटी डॉलरचं कर्ज सरसकट रद्द व्हायला जून २०२२ उजाडला. सात वर्षं ही मुलं एका बंद पडलेल्या कॉलेजचे हप्ते आणि तगादे सांभाळत होती.

हे लिहिताना मला वारंवार आठवतो तो आपल्या दख्खनचा दाखला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जरोखे जाळले. सरकारने चौकशी केली, आणि १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्या कायद्याने सगळी कर्जं माफ केली नाहीत. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जायचा अधिकार दिला. कागदावर आकडा काय आहे एवढ्यावर न थांबता पहिल्या व्यवहारापासूनचा इतिहास उकलायचा, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडायचं, आणि मग खरं देणं ठरवायचं. कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणं बंद झालं, नादारीच्या अर्जाची सोय झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली खास न्यायाधीश म्हणून गावोगावच्या कोर्टांचं काम तपासलं. त्या कायद्यात पळवाटा निघाल्या, सावकारांनी खरेदीखतांचे नवे मार्ग शोधले, हे सगळं खरं. पण प्रत्येकाचा हिशेब कोणीतरी नीट उलगडून बघावा, ही कल्पना दीडशे वर्षांपूर्वी पुणे-नगरच्या कोर्टांत रुजू शकली. माझ्या शेजारणीच्या बाबतीत ते काम माझ्या जेवणाच्या टेबलावर झालं, आणि माझ्या निकालाला काही किंमत नाही.

दार उघडलं तर सगळेच दिवाळं काढतील, ही भीती मला खरी वाटत नाही. दिवाळखोरीचा शिक्का दहा वर्षांपर्यंत क्रेडिट रिपोर्टवर राहतो. घर भाड्याने घेताना, गाडी घेताना तो आडवा येतो. कमाई बरी असेल तर कोर्ट थेट सुटका देत नाही, काही वर्षांचे हप्ते बांधून देतं. म्हणजे तो तरुण वकील आपोआप गळतो आणि डायलिसिसवाली बाई आत राहते. बायडन यांच्या सव्वा लाखाच्या रेघेला जे साधलं नाही ते न्यायाधीशाला साधू शकतं. ट्रक ड्रायव्हरच्या तक्रारीवरही हेच उत्तर आहे, कारण तो बुडाला तर त्यालाही याच कोर्टात हाच न्याय मिळतो.

हे अशक्य कोटीतलंही नाही. २०२१ मध्ये इलिनॉयचे डेमोक्रॅट डिक डर्बिन आणि टेक्सासचे रिपब्लिकन जॉन कॉर्निन यांनी मिळून विधेयक आणलं होतं: सरकारी शैक्षणिक कर्ज दहा वर्षांनी दिवाळखोरीत सुटू शकेल, आणि ज्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांची कर्जं मोठ्या प्रमाणात बुडतात त्या कॉलेजने सरकारला भरपाईचा वाटा द्यायचा. मला यातला दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. आज फी ठरवणारं कॉलेज पैसे आधी उचलतं आणि बुडण्याची झळ फक्त विद्यार्थ्याला आणि सरकारला लागते. ते विधेयक पुढे सरकलंच नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्याय खात्याने आपल्या वकिलांना सूचना दिल्या, की प्रामाणिक अर्जदारांना विनाकारण अडवू नका. त्यानंतर अर्ज करणाऱ्यांपैकी बहुतेकांना पूर्ण किंवा काही सुटका मिळाली. पण ती खात्याची सूचना आहे, कायदा नव्हे. एका परिपत्रकाने आली, एका परिपत्रकाने जाऊ शकते.

४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने चित्र पुन्हा बदललं. त्यातली एक गोष्ट मी मोकळेपणाने चांगली म्हणेन: नव्या परतफेड योजनेत वेळेवर हप्ता भरला तर उरलेलं व्याज सोडून दिलं जातं, मुद्दल दर महिन्याला थोडं तरी उतरतं. शेजारणीचे ३० हजार ३९ हजार झाले तसं त्यात होणार नाही. पण या योजनेत उरलेलं कर्ज सुटायला तीस वर्षं लागतील, आणि २०२५ नंतर अशी सुटलेली रक्कम बहुतेकदा उत्पन्न धरून तिच्यावर केंद्राचा टॅक्स लागू झाला आहे. पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज १ जुलै २०२६ पासून सर्वसाधारणपणे एकूण १ लाख डॉलरवर थांबतं, आईवडिलांनी मुलासाठी काढायचं कर्ज मुलामागे ६५ हजारांवर. मर्यादेमुळे फी उतरेल अशी आशा आहे. उतरली तर मला आनंदच होईल. नाही उतरली तर उरलेली रक्कम मुलं खासगी बँकांकडून घेतील. इथल्या मराठी घरांतली इथेच जन्मलेली मुलंही त्यात असतील, आणि जामीन म्हणून सही आपली असेल. त्या कर्जाला पगाराप्रमाणे हप्ता नाही, वीस-तीस वर्षांनी सुटका नाही, आणि दिवाळखोरीचं दार २००५ पासून बंद आहे. मंडळाच्या पंगतीत ज्यांना हा वाद परक्यांचा वाटतो त्यांना मी हेच सांगतो.

शेजारीण गेल्या रविवारी पुन्हा आली होती. काऊंटीच्या मोफत कायदेशीर मदतीच्या कार्यालयात तिने वेळ घेतली आहे. तिथे जाण्याआधी न्याय खात्याला द्यायचा प्रतिज्ञालेखाचा फॉर्म भरून ठेवायचा आम्ही ठरवलं. घरात माणसं किती, भाडं किती, जेवणखाण्यावर महिन्याला काय जातं, गाडी कोणती आणि ती कामाला जाण्यासाठीच लागते का. प्रत्येक आकडा ती दोनदा आठवून सांगत होती, एकही डॉलर जास्त लिहिला जाऊ नये म्हणून. आईच्या औषधांच्या रकान्यापर्यंत आम्ही आलो आणि तिने पावत्या शोधायला फाइल उघडली.